इने गांवचीं नौकागृहें

जपानचें नांव निघालें म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढें सामान्यतः दोन चित्रें उभीं राहतात. एक चेरीच्या फुलांचें व फुजी पर्वताचें. दुसरें यंत्रांचें, वेगवान् आगगाड्यांचें व उंच इमारतींचें. पहिलें जुनें जपान आणि दुसरें नवें जपान, अशी आपण मनाशीं वांटणी करून टाकतों आणि त्या देशीं गेल्यावर जुनें कोणतें व नवें कोणतें हें ओळखणें अगदीं सोपें जाईल असें धरून चालतों. आम्हीही तसेंच धरून चाललों होतों. गेल्या उन्हाळ्यांत क्योतो प्रांताच्या उत्तर कांठावरील इने नांवाच्या कोळ्यांच्या गांवीं चार दिवस राहण्याचा योग आला, आणि ही वांटणी किती भोळी आहे तें आमच्या ध्यानांत आलें. त्या गांवाचा जो इतिहास आम्हांस तेथें पाहावयास व ऐकावयास आणि मागाहून वाचावयास मिळाला, तो वाचकांपुढें ठेवावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जपानचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. जूनच्या मध्यापासून सुमारें महिनाभर तेथें पावसाची झड असते. ती सरली कीं दमट व कडक ऊन पडूं लागतें आणि झाडाझाडांतून किड्यांचा एकसारखा किर्र आवाज भरून राहतो. अशाच दिवसांत आम्ही क्योतो शहरांतून उत्तरेस निघालों. हजार वर्षांहून अधिक काळ जपानच्या सम्राटांचें निवासस्थान असलेलें हें शहर समुद्रापासून दूर, डोंगरांच्या कुशींत वसलें आहे. परंतु त्याच नांवाचा प्रांत मात्र उत्तरेस थेट जपान समुद्रास जाऊन भिडतो. ह्या समुद्रकांठच्या मुलखाचें जुनें नांव तांगो. इ. स. ७१३ मध्यें शेजारच्या तांबा प्रांतांतून तो वेगळा काढण्यांत आला. म्हणजे त्याच्या नुसत्या नांवासच तेराशें वर्षें होऊन गेलीं आहेत. आगगाडीनें सुमारें दोन तासांत आम्ही आमानोहाशिदाते येथें पोंचलों. 'स्वर्गाचा पूल' असा ह्या नांवाचा अर्थ. खाडीच्या आरपार गेलेली, पाइन वृक्षांनीं झांकलेली, साडेतीन किलोमीटर लांबीची ही वाळूची पट्टी जपानांतील तीन सर्वोत्कृष्ट देखाव्यांपैकीं एक गणली जाते. टेकडीवर चढून, तिच्याकडे पाठ फिरवून, ओणवें होऊन स्वतःच्या दोन पायांमधून ती पाहावी असा तेथील प्रघात आहे. तशी पाहिली असतां ती आकाशांत टांगल्यासारखी दिसते. वयाचा व प्रतिष्ठेचा विचार क्षणभर बाजूस ठेवून आम्हींही तो प्रघात पाळला. निघतांना स्टेशनावरील एका गृहस्थांनीं आम्हांस हंसत हंसत बजावलें, "शिदोरी विसरलांत तरी चालेल, छत्री मात्र विसरूं नका." ही तांगो प्रांतांतील म्हणच आहे असें मागाहून समजलें. कोंकणांत वाढलेल्या माणसास तिचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नव्हती.

तेथून बस समुद्राच्या कडेकडेनें जाते. तासाभरानें एक वळण घेतलें आणि उजव्या हातास एकाएकीं इनेची खाडी दिसूं लागली. तीन बाजूंस गर्द झाडीचे डोंगर. चवथ्या म्हणजे दक्षिण बाजूस समुद्राकडे उघडणारें तोंड. आणि त्या तोंडांत दाराला आडसर घालावा तसें आओशिमा नांवाचें झाडीनें भरलेलें लहानसें बेट. डोंगराचा पायथा आणि पाणी ह्यांच्यामध्यें सपाट जमीन अशी फारच थोडी. त्या चिंचोळ्या पट्टीवर, सुमारें पांच किलोमीटरांच्या कांठानें, एकास एक लागून घरांची रांग उभी होती. दुरून पाहणारास तीं घरें समुद्राच्या कांठीं नव्हेत तर समुद्रांतच उभीं आहेत असें वाटतें. पाणी त्यांच्या उंबरठ्याला नुसतें लागत नाहीं, तें उंबरठा ओलांडून आंत शिरलेलें असतें.

हींच इनेचीं प्रसिद्ध नौकागृहें. जपानी भाषेंत त्यांस 'फुनाया' म्हणतात, आणि सांप्रत त्यांची संख्या सुमारें दोनशेंतीस आहे. त्यांची रचना मोठी सुबोध आहे. घराचा त्रिकोणी माथा समुद्राकडे तोंड करून असतो. खालच्या मजल्याला समुद्राकडची भिंत नाहीं. जमीन दगडी असून आंतून बाहेर पाण्याकडे उतरती केलेली असते. कोळी मासे धरून परत आला म्हणजे होडी ह्या उतारावरून सरळ घरांत ओढून घेतो. ती तेथें वाळते, तिच्या लाकडास पावसाचा व बर्फाचा उपद्रव होत नाहीं, आणि दुरुस्तीही तेथेंच होते. वरच्या माळ्यावर जाळीं, दोर व इतर सामान. कुटुंब मात्र येथें राहत नाहीं. राहतें घर रस्त्यापलीकडे डोंगराच्या अंगास असतें. त्यास 'ओमोया' म्हणतात. हा शब्द ज्या चिनी अक्षरांनीं लिहितात, त्यांचा एक अर्थ 'मातृगृह' असा होतो. होडीचें घर समुद्राकडे, माणसांचें घर डोंगराकडे आणि दोहोंच्यामध्यें रस्ता, अशी सर्व गांवाची मांडणी आहे. हा मधला रस्ता वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याची हकीकत पुढें यावयाची आहे.

प्रथम मनांत प्रश्न आला तो असा, कीं असें घर आपल्या कोंकणांत कां नाहीं? आपल्याकडेही खाड्या आहेत, डोंगर आहेत, होड्या आहेत आणि पिढीजात कोळीही आहेत. उत्तर समुद्रानेंच देऊन ठेवलें आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी ह्यांच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक अंतर पडतें. असें घर तेथें बांधलें तर दिवसांतून दोनदां तें बुडेल आणि दोनदां होडीसह चिखलांत रुतून बसेल. जपान समुद्राची गोष्ट निराळी. तो चहूंकडून भूमीनें वेढलेला असून ज्या सामुद्रधुन्यांनीं महासागराशीं जोडला गेला आहे त्या अरुंद व उथळ आहेत. त्यामुळें तेथें भरती-ओहोटी अशी जवळजवळ नाहींच. इनेच्या खाडींत हें अंतर सुमारें अर्धा मीटर एवढेंच असतें. त्यांतून खाडीचें तोंड दक्षिणेकडे. हिवाळ्यांत सैबेरियाकडून येणारे वायव्येचे तुफानी वारे डोंगरांच्या पाठीवर आदळतात, घरांपर्यंत येत नाहींत. उरल्यासुरल्या लाटा आओशिमा बेट अडवितें. सारांश, नौकागृह ही कोणा कल्पक कारागिराची लहर नसून समुद्राच्या शांतपणाचा लोकांनीं करून घेतलेला उपयोग आहे.

आम्ही ज्या घरीं उतरलों तें एका वृद्ध कोळ्याचें होतें. वय पंचाऐंशींच्या आसपास, अंगानें सडपातळ, बोलणें मोजकें. आमच्याबरोबर क्योतोच्या विद्यापीठांत शिकणारी आमची भाची होती. ती त्यांस 'आजोबा' म्हणे आणि ते आम्हां सर्वांस 'पाहुणे' म्हणत. तिच्या मध्यस्थीनें आमचें बोलणें चाले. पहिल्याच संध्याकाळीं आम्हीं पाहुण्यांच्या भाबडेपणानें विचारलें, "आजोबा, हें नौकागृह किती शें वर्षांचें आहे?" म्हातारा मोठ्यानें हंसला आणि म्हणाला, "माझ्या बापानें बांधलें. माझ्याहून थोडेंसेंच वडील आहे."

आमच्या सोप्या वांटणीस बसलेला हा पहिला धक्का. पुढें चौकशी केली तेव्हां कळलें कीं, नौकागृहाची पद्धति पुरातन असली तरी आज डोळ्यांस दिसणारीं दुमजली, कौलारू घरें बहुतांशीं १८८० ते १९५० ह्या सत्तर वर्षांतलीं आहेत. त्यापूर्वींचीं नौकागृहें गवतानें शाकारलेलीं, बैठीं, केवळ होडी झांकण्यापुरतीं असत. ज्यास आपण 'शेंकडों वर्षांचें अस्पर्श रूप' म्हणून छायाचित्रांत टिपतों, तें वस्तुतः विजेच्या व आगगाडीच्या युगांतील आहे. मग तें रूप आलें कशानें? त्याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर 'मासा' हेंच आहे. पण कोणता मासा, हें सांगण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

तोकुगावा घराण्याची सत्ता जपानावर १६०३ पासून १८६८ पर्यंत होती. त्या काळीं इनेच्या खाडीवर हिराता, कामेशिमा व हिदे अशीं तीन गांवें मिळून एक वसाहत होती. मासे धरण्याचा हक्क सर्वांस सारखा नव्हता. तो 'काबू' म्हणजे वांट्यांच्या रूपानें ठराविक घराण्यांकडे असे; ज्याच्याकडे वांटा नाहीं त्यानें दुसऱ्याच्या होडीवर राबावें. हाच 'काबू' शब्द आज जपानांत कंपन्यांच्या शेअरांस लावितात. गतकाळाविषयीं लिहितांना सर्वत्र समता व बंधुभाव नांदत होता असें लिहिण्याचा मोह होतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नमूद केली. तथापि एक प्रसंग असा होता कीं त्या वेळीं तिन्ही गांवें एक होत. तो प्रसंग म्हणजे खाडींत देवमासा शिरणें.

लहान माशांच्या थव्यांमागें लागून देवमासा कधीं कधीं आओशिमाच्या बाजूनें खाडींत येई. तो आंत आलेला दिसतांच होड्या सुटत, बेट व किनारा ह्यांमधील वाटा जाळ्यांनीं बंद केल्या जात, आणि जी खाडी कोळ्यांचें आश्रयस्थान तीच त्या प्राण्याचा पिंजरा होई. मग भाले घेऊन माणसें पुढें सरसावत. इतरत्र, म्हणजे किई प्रांतांतील ताइजीसारख्या गांवीं, देवमाशाच्या मागें खोल समुद्रांत जाऊन त्याची शिकार करणारे मोठाले संघ होते. इनेचे लोक मात्र दारीं आलेल्यास दार लावून घेत. गांवच्या नोंदींप्रमाणें १६५६ पासून १९१३ पर्यंत येथें ३५५ देवमासे धरले गेले. अडीचशें वर्षांत साडेतीनशें, म्हणजे वर्षाकाठीं दीडही नाहीं. परंतु एका देवमाशानें सात गांवें सुखी होतात अशी जपानी म्हण आहे, आणि ती अतिशयोक्ति नव्हे. मांस खाण्यास, हाडें खतास, आणि तेल दिव्यास व भातशेतीवरील किडींचा नाश करण्यास असा त्याच्या सर्वांगाचा उपयोग होई.

ह्या शिकारीचा एक अवशेष आओशिमा बेटावर आहे. तेथें देवमाशांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळा आहेत आणि त्यांतील एक, मारलेल्या मादीच्या पोटांत सांपडलेल्या पिलासाठीं आहे. गर्भ पोटांत असलेल्या मादीची हत्या झाली हें कळल्यावर कोळ्यांचें मन द्रवलें आणि त्यांनीं त्या न जन्मलेल्या जीवास माणसासारखें पुरून वर दगड उभा केला. अशीं स्मारकें जपानच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणीं आहेत. पश्चिमेकडील नागातो येथील सन १६९२ चें स्मारकही अशाच पिलांसाठीं आहे. हें सर्व ऐकून आमच्यापैकीं एकजण म्हणाले, "मारावयाचें आणि मग रडावयाचें, हा ढोंगीपणा नव्हे काय?" आम्हांस तसें वाटलें नाहीं. ढोंगी मनुष्य आपल्या कृत्याची खूण पुसून टाकतो. ह्यांनीं ती दगडावर कोरून रोज येतां-जातां दिसेल अशा जागीं ठेवली. ह्या लोकांनीं शिकार सोडली नाहीं, हें खरें. पण ज्याच्या जिवावर आपण जगतों त्याचें आपण देणें लागतों, ही जाणीवही त्यांनीं सोडली नाहीं.

देवमासा हा क्वचित् येणारा पाहुणा. गांवाचें नित्याचें पोट ज्यावर भरे तो मासा 'बुरी'. हा पाठीवर निळसर व कुशीवर पिवळा पट्टा असलेला मासा थंडीच्या प्रारंभीं उत्तरेकडून ह्या किनाऱ्यानें खालीं येतो. जपानी लोक त्याचें नांव त्याच्या वाढीप्रमाणें बदलतात. लहानपणीं तो 'हामाची' असतो, पूर्ण वाढला कीं 'बुरी' होतो. बढती मिळत जाणारा मासा म्हणून मंगल कार्यांत त्यास मान आहे. डिसेंबराच्या सुमारास समुद्रावर ढग गडगडूं लागले कीं त्यास 'बुरीस जागा करणारी मेघगर्जना' म्हणतात. इनेचा बुरी फार पूर्वींपासून नांवाजलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून समुद्रांत एके जागीं कायम रोवून ठेवावयाच्या प्रचंड जाळ्यांचा प्रसार होत गेला, आणि इनेस बुरीचें पीक अमाप येऊं लागलें. त्या पैशानें गवताचीं छपरें जाऊन कौलें आलीं, बैठ्या घरांवर मजले चढले. आमच्या म्हाताऱ्यांच्या वडिलांचें नौकागृह हें त्याच सुगीचें फळ.

आतां त्या रस्त्याची हकीकत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही म्हाताऱ्यांबरोबर दारांत उभे होतों. दोहों बाजूंस घरें आणि मधून जाणारा अरुंद, वळणावळणाचा रस्ता हाच इनेचा सर्वांत मोहक देखावा होय. आमच्यासारखे पाच-पंचवीस प्रवासी त्या वेळींही तेथें छायाचित्रें घेत होते. म्हातारे शांतपणें म्हणाले, "पाहुणे, आपण जेथें उभे आहां तें आमचें अंगण."

आम्हांस वाटलें, रस्त्यावर हक्क सांगण्याची ही म्हाताऱ्यांची विनोदी रीति असावी. परंतु तें अक्षरशः खरें होतें. पूर्वीं ओमोया आणि फुनाया ह्या एकाच आवारांतल्या दोन वास्तु असत आणि त्यांच्यामध्यें घरचें अंगण असे. गांवांतून जाणारा असा रस्ताच नव्हता; शेजारीं जावयाचें तर लोक होडीनें जात. १९३१ सालीं खाडीच्या कांठानें रस्ता बांधण्याचें काम सुरू झालें आणि १९४० पर्यंत चाललें. डोंगर आणि समुद्र ह्यांमध्यें रिकामी जागा कोठें होती? एकच होती, ती म्हणजे ह्या घराचें अंगण, त्या घराचें अंगण, अशी ओळीनें सगळ्या घरांचीं अंगणें. लोकांनीं तीं दिलीं. पुष्कळांनीं आपलीं नौकागृहें उचलून समुद्राच्या बाजूस सरकविलीं आणि सरकवितांना तीं उंच व दुमजली करून घेतलीं. ह्या खर्चाचा मोठा भार बुरीच्या उत्पन्नानें वाहिला. ज्या रस्त्यावर उभें राहून आपण 'काय हें जुनें गांव!' असें म्हणतों, तो रस्ता, तीं सरकलेलीं घरें, तो सारा देखावा हें एका पिढीनें केलेल्या सुधारणेचें फळ आहे. जुन्याची मोडतोड करूनच तें 'जुनें' तयार झालें आहे!

"अंगण देतांना कोणी कुरकुर केली नाहीं काय?" आम्हीं विचारलें. म्हातारे म्हणाले, "मी तेव्हां पाळण्यांत होतों. पण आजी शेवटपर्यंत त्या रस्त्यास रस्ता म्हणत नसे. 'अंगणांत जा आणि पाहा कोण आलें आहे,' असेंच म्हणे. मोटार आली तरी ती अंगणांतच आलेली." हें सांगतांना त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. थोड्या वेळानें ते पुन्हां म्हणाले, "रस्ता नसता तर डॉक्टर आला नसता. आणि रस्ता झाला म्हणून मुलें शहरांत गेलीं. दोन्ही खरें."

ह्या दोन वाक्यांत गेल्या ऐंशीं वर्षांचा इतिहास आला आहे. १९५४ सालीं आसपासचीं चार खेडीं मिळून आजची इने नगरी बनली. परंतु पुढील दशकांत लोक कमी होत गेले आणि आज त्या सर्व नगरीची वस्ती दोन हजारांच्या आसपास आहे. होड्याही बदलल्या. लाकडाच्या जागीं कांचतंतूंच्या, इंजिनाच्या, अधिक लांब व अधिक रुंद होड्या आल्या. त्यांस सावलींत वाळविण्याची गरज नाहीं, आणि गरज असती तरी त्या जुन्या दारांतून आंत मावत नाहींत. म्हणून त्या आतां घराबाहेर धक्क्यास बांधलेल्या दिसतात. होडीसाठीं बांधलेलें घर उभें आहे आणि होडी बाहेर पावसांत! रिकाम्या पडलेल्या पुष्कळ नौकागृहांत आतां पाहुण्यांसाठीं खोल्या, चहाचीं दुकानें वगैरे झालीं आहेत.

अशा स्थितींत सरकारी संरक्षण आलें. जपानांत १९७५ सालीं सांस्कृतिक वारशाच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन, एकेका वास्तूऐवजीं ऐतिहासिक वस्तीच्या वस्ती रक्षण करण्याची तरतूद झाली. त्या यादींत कोळ्यांचें गांव म्हणून प्रथम स्थान मिळालें तें इनेस, २००५ सालीं. विशेष हें कीं, संरक्षित क्षेत्र आंखतांना केवळ घरेंच नव्हे, तर खाडीचें पाणी, आओशिमा बेट व मागचे वनाच्छादित डोंगर, मिळून सुमारें ३१० हेक्टरांचा प्रदेश त्यांत घेतला आहे. पाण्यावांचून हीं घरें निरर्थक आहेत, हें कायदा करणारांनीं बरोबर ओळखलें. आतां घराचें बाह्य रूप मनास येईल तसें बदलतां येत नाहीं. दुरुस्तीस साहाय्य मिळतें. कायदा नसता तर ह्या रांगेंतून आज सिमेंटचे चौकोनी ठोकळे डोकावले असते ह्यांत संशय नाहीं.

तरीही म्हाताऱ्यांच्या घरीं आम्हांस जो पेच दिसला तो कोणत्याही कायद्यानें सुटणारा नव्हता. त्यांच्या नौकागृहाच्या खालच्या मजल्यावर तो दगडी उतार अद्यापि तसाच आहे आणि त्यावर एक जुनी, लहानशी लाकडी होडी ओढून ठेवलेली आहे. मुलगा ओसाका शहरीं नोकरीस आहे. त्याचें म्हणणें असें कीं, उतार भरून सपाट लांकडी तक्तपोशी करावी, समुद्राकडे कांचेचीं तावदानें बसवावीं, आणि पाहुण्यांसाठीं आणखी दोन खोल्या काढाव्यात. उत्पन्न वाढेल, छप्पर शाबूत राहील, आणि कदाचित् निवृत्त झाल्यावर तो स्वतः परत येईल. बाहेरून घर जसेंच्या तसें दिसेल. म्हाताऱ्यांचा जीव मात्र त्या उतारावर आहे. ते म्हणाले, "तो भरला म्हणजे हें घर होडीचें राहिलें नाहीं. आणि न भरला तर माझ्यामागें घरच राहणार नाहीं. बापानें अंगण दिलें तेव्हां त्याला माहीत होतें कीं आपण कशासाठीं देतों. मला तेवढेंच ठाऊक नाहीं."

आम्हांस ह्यावर कांहीं बोलतां आलें नाहीं. जतन म्हणजे काय, ह्याविषयीं आपल्याकडेही पुष्कळ बोललें व लिहिलें जातें. वाडे, घाट, किल्ले ह्यांच्या रक्षणाच्या गोष्टी आपण मोठ्या आवेशानें करितों. परंतु इने येथें जें घडलें त्यावरून आम्हांस असें वाटूं लागलें कीं, जुनी वस्तु आणि ती वस्तु निर्माण करणारी रीति ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इनेच्या लोकांची रीति अशी कीं, समुद्र जें देईल त्याप्रमाणें घर बदलावयाचें: देवमासा आला तर जाळीं टाकावयाचीं, बुरी आला तर मजला चढवावयाचा, रस्ता हवा झाला तर अंगण द्यावयाचें. ह्या रीतीनें जें एका विशिष्ट क्षणीं तयार झालें, तें सुंदर होतें म्हणून आपण त्या क्षणापाशीं घड्याळ थांबवितों. घर वाचतें, पण तें घडविणारी रीति थांबते. आणि घड्याळ न थांबवावें तर घरच जातें. ह्यांतून निर्दोष वाट कोणास सांपडली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. निदान आपण जें पाहावयास जातों तें कोणीं, कशासाठीं, काय देऊन उभें केलें, हें जाणून घेणें एवढें तरी पाहणाराचें कर्तव्य आहे.

तिसऱ्या दिवशीं आम्ही खाडीपासून कांहीं मैल उत्तरेस असलेल्या उराशिमाच्या देवळास गेलों. हेंही इने नगरींतच मोडतें, आणि त्याची स्थापना ८२५ सालची सांगतात. उराशिमाची कथा जपानांतील प्रत्येक मुलास ठाऊक असते आणि तिचें एक फार जुनें रूप आठव्या शतकांतील तांगो प्रांताच्या वृत्तांतांत आलें आहे. एका तरुण कोळ्याच्या गळास पंचरंगी कांसव लागतें. तें कांसव स्त्रीरूप धारण करून त्यास सागरापलीकडील अमरांच्या देशीं नेतें. तेथें तो तीन वर्षें सुखांत राहतो. मग त्यास घराची आठवण येते. निरोपाच्या वेळीं त्यास एक पेटी मिळते आणि ती न उघडण्याची ताकीदही. तो गांवीं येतो तों तेथें तीनशें वर्षें लोटलेलीं असतात. ओळखीचें कोणी नाहीं, घराचा मागमूस नाहीं. व्याकुळ होऊन तो पेटी उघडतो, आणि लोकांच्या तोंडीं असलेल्या कथेप्रमाणें क्षणांत वृद्ध होतो. आपल्या पुराणांतील रैवत राजा कन्या रेवतीसाठीं वर विचारण्यास ब्रह्मलोकीं गेला, घटकाभर गायन ऐकत थांबला, आणि परत आला तेव्हां पृथ्वीवर युगें उलटलीं होतीं, ही कथा आम्हीं म्हाताऱ्यांस सांगितली. त्यांनीं लक्षपूर्वक ऐकली आणि विचारलें, "मग त्या राजास पृथ्वीवर कोणी भेटलें?" आम्हीं सांगितलें, "भेटला; रेवतीस बलराम वर मिळाला." तेव्हां ते म्हणाले, "तुमची गोष्ट बरी आहे."

निघण्याच्या दिवशीं आम्ही पहांटेसच उठलों. समुद्र तेलासारखा स्थिर होता. रोवलेलीं जाळीं उचलण्यास गेलेल्या मोठ्या होड्या परत येत होत्या. म्हाताऱ्यांनीं घरच्या उताराशीं दोरीनें सोडून ठेवलेला एक लहानसा पिंजरा वर ओढला. आदल्या संध्याकाळीं त्यांत माशांचीं डोकीं व आंतडीं घातलेलीं होतीं. आतां त्यांत चार-पांच लहान मासे तडफडत होते. त्यास तेथें 'मोंदोरी' म्हणतात, आणि इनेच्या घराघरांतून असा पिंजरा सोडलेला असतो. स्वयंपाकघरांतून जसें आपल्याकडे कोणी परसांत जाऊन चार मिरच्या तोडून आणील, तसे ते मासे घेऊन म्हातारे रस्ता ओलांडून ओमोयांत गेले. जातांना दोहों बाजूंस पाहिलें. मोटार येत नव्हती. मग दारांतून त्यांनीं आंत हांक मारली. भाचीस विचारलें, काय म्हणाले? ती म्हणाली, "म्हणाले, पाहुणे अंगणांत उभे आहेत, त्यांना आंत बोलाव."